आधी उजेड, मग कॅमेरा : नवोदित छायाचित्रकारांसाठी तंत्र आणि साधने

दोंडाईचा : छायाचित्रणाकडे छंद म्हणून वळलेला तरुण वर्ष-दोन वर्षांत लग्नाच्या ऑर्डरी घेऊ लागतो आणि हंगाम सुरू होण्याआधी घरची पुंजी किंवा कर्जाऊ रक्कम नव्या कॅमेऱ्यात घालतो, हे चित्र खानदेशातील लहान शहरांना नवे नाही. पासपोर्ट आकाराच्या छायाचित्रापासून वाढदिवसापर्यंतची बरीच कामे मोबाईलने स्टुडिओंकडून काढून घेतली आहेत. जी उरली, त्यांत लग्नाचे काम सर्वांत मोठे. आणि तेथे हुकलेला क्षण पुन्हा मिळत नाही. अशा वेळी कॅमेरा किती महाग होता याला फारसा अर्थ नसतो. समोरचा उजेड ओळखता आला की नाही, यावर काम टिकते. म्हणूनच पैसा कशावर आणि कोणत्या क्रमाने खर्च करावा हे ठरविण्यापूर्वी उजेडाचा व्यवहार समजून घेणे हिताचे ठरते.

उजेडाचा हिशेब

कॅमेरा कोणताही असो, चित्रात किती उजेड उतरेल हे तीन गोष्टी ठरवितात. लेन्समधील छिद्र म्हणजे अॅपर्चर, उजेड आत येण्याचा काळ म्हणजे शटर आणि संवेदनशीलता म्हणजे आयएसओ. अॅपर्चरचे आकडे एफ/२, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि प्रत्येक पुढच्या आकड्याला उजेड निम्मा होतो. या निम्म्या-दुपटीच्या टप्प्याला ‘स्टॉप’ म्हणतात. शटर एकशेपंचविसाव्या भागावरून अडीचशेव्या भागावर नेले, तरी उजेड एका स्टॉपने घटतो. आयएसओ १०० वरून २०० केल्यास चित्र एका स्टॉपने उजळते.

फिल्मच्या काळात या हिशेबाचा एक सोपा नियम पाठ केला जाई. स्वच्छ उन्हात अॅपर्चर एफ/१६ ठेवावे आणि शटर आयएसओच्या आकड्याइतके. म्हणजे आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. तेच चित्र एफ/८ वर घ्यायचे असेल तर उजेड दोन स्टॉप वाढतो. शटर सुमारे चारशेव्या भागावर न्यावे लागते. रोल ३६ चित्रांचा असल्याने हा हिशेब चुकला की पैसे जात. आज पडद्यावर चित्र लगेच दिसते, तरी हा नियम आठवडाभर हाताने वापरून पाहावा. कॅमेऱ्यातील मीटर कोठे फसतो, हे त्यातून कळते.

मिरचीचा लाल, कापसाचा पांढरा

मीटर समोरच्या दृश्याला मध्यम करड्या रंगाचे गृहीत धरतो. त्यामुळे जिनिंगच्या आवारातील कापसाचा ढीग चित्रात मळकट दिसतो आणि काळी म्हैस राखाडी होते. उपाय साधा आहे. कापसासाठी एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवावे, म्हशीसाठी सुमारे एक स्टॉप कमी करावे. पांढरी टोपी घातलेल्या शेतकऱ्याचे चित्र भर उन्हात घेताना टोपी जळते किंवा चेहरा काळवंडतो. तेव्हा त्यांना ओसरीच्या किंवा निंबाच्या सावलीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून बसवावे. कडेच्या सावलीत उजेड मऊ असतो आणि डोळ्यांखाली काळे खड्डे पडत नाहीत.

दोंडाईचा मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. वाळत घातलेल्या लाल मिरचीचे चित्र काढण्याचा मोह प्रत्येक नवोदिताला होतो आणि बहुतेकांच्या चित्रात मिरचीचा नुसता लाल डाग उतरतो. कारण असे की, एकूण उजेड योग्य असतानाही एकटा लाल रंग मर्यादेपलीकडे जातो आणि मिरचीच्या सुरकुत्या, देठाजवळची छटा पुसली जाते. कॅमेऱ्यात लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंगांचे वेगळे आलेख पाहण्याची सोय असल्यास तो लाल आलेख तपासावा आणि एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करावे. मिरचीची साल चकाकते. पोलरायझर फिल्टर फिरवून ती चकाकी कमी केली की रंग खोल दिसतो. मात्र हा फिल्टर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, हे लक्षात ठेवावे. वेळ सूर्योदयानंतरची किंवा संध्याकाळची निवडावी. तिरप्या उन्हात प्रत्येक मिरचीची सावली पडते आणि ढिगाला उठाव येतो.

टेबलावरची शाळा

उजेड शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही, याचे मोठे उदाहरण खानदेशातच आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) यांनी आयुष्याचा मोठा भाग रेल्वे स्थानकाजवळील आपल्या बंगल्यात जवळजवळ एकांतवासात घालविला. चित्रकला आणि शिल्पकला यांतही त्यांना गती होती. पण त्यांचे नाव झाले ते टेबल-टॉप छायाचित्रणामुळे. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, त्यांवर दिव्यांचा उजेड नेमका पाडायचा आणि कॅमेऱ्यातून पाहणाऱ्यास एखादे विस्तीर्ण दृश्य दिसेल अशी रचना करायची, ही ती पद्धत. या कामाने त्यांना देशाबाहेरही मान मिळवून दिला. त्यांचे घर कलादालन म्हणून जतन झाले आहे. दोंडाईचाच्या तरुणाने धुळेमार्गे चाळीसगाव गाठून ही चित्रे एकदा प्रत्यक्ष पाहावीत.

या पद्धतीचा सराव घरी करता येतो. उत्तरेकडील खिडकीजवळ टेबल ठेवावे. तेथे थेट ऊन क्वचितच येते आणि उजेड बराच वेळ सारखा राहतो. टेबलावर पितळी तांब्या, ज्वारीचे कणीस, दोन कांदे असे काहीही मांडावे. उजेड एका बाजूने आला की वस्तूला गोलाई येते. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की सावली हलकी होते, काळा कागद ठेवला की गडद होते. रात्री हाच प्रयोग एका दिव्यावर करावा. दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला तर वस्तूवरील उजेड निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो. दिव्यापुढे मलमलचे पांढरे कापड ताणून धरले की सावलीची धार मऊ होते. वस्तू जवळ असताना स्पष्टतेची खोली फार कमी मिळते, म्हणून एफ/११ च्या आसपास राहावे, कॅमेरा तिपाईवर ठेवावा आणि बटण दाबताना हादरा बसू नये यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा. महिनाभर असा सराव केलेल्याला लग्नाच्या मांडवात उजेड कोठून येतो, हे शोधावे लागत नाही.

मांडवातील कसोटी

मांडवात तीन अडचणी एकदम येतात. पहिली रंगाची. दिवसा लाल-पिवळ्या कापडातून झिरपणारा उजेड वधूच्या चेहऱ्यावर तोच रंग चढवितो. विधी सुरू होण्यापूर्वी त्याच जागी करडे कार्ड धरून व्हाइट बॅलन्स ठरवावा आणि रॉ स्वरूपात चित्रे घ्यावीत. जेपेग फाईल प्रत्येक रंगासाठी ८ बिटांची असते, तर रॉ बहुधा १२ किंवा १४ बिटांची. नंतर रंग सुधारण्यास त्यात बराच वाव राहतो.

दुसरी अडचण दिव्यांची. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटरवर चित्रात आडवे पट्टे येतात. शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवल्यास पट्टे जातात.

तिसरी फ्लॅशची. पांढऱ्या छतावर आपटून आलेला फ्लॅशचा उजेड मऊ पडतो. रंगीत कापडाच्या छतावर मात्र तो कापडाचा रंग घेऊन खाली येतो. अशा मांडवात फ्लॅश छताकडे न वळविता पांढऱ्या छत्रीतून किंवा सॉफ्टबॉक्समधून, स्टँडवर बाजूला ठेवून वापरावा. समूहचित्रात पुढची रांग फ्लॅशपासून दोन मीटरवर आणि मागची चार मीटरवर असेल, तर मागच्यांना चौथा हिस्साच उजेड मिळतो. फ्लॅश थोडा लांब आणि उंच नेला की हा फरक कमी होतो.

अंतरपाट दूर होताना आणि अक्षता पडताना उभे राहण्याची जागा आधीच ठरवून घ्यावी. त्यासाठी भटजींशी आणि व्हिडिओवाल्याशी दोन शब्द बोलून ठेवणे उपयोगी पडते. शक्य असल्यास दोन कार्डांवर एकाच वेळी चित्र उतरविणारा कॅमेरा वापरावा. नसल्यास एकच मोठे कार्ड न वापरता लहान कार्डे बदलत राहावीत आणि त्याच रात्री चित्रे दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावीत. प्रती होईपर्यंत कार्ड पुसू नये.

खर्चाचा क्रम

बारा बाय अठरा इंचांचे छायाचित्र इंचाला ३०० बिंदू या दर्जाने छापायचे तर ३६०० गुणिले ५४००, म्हणजे सुमारे १ कोटी ९४ लाख बिंदू लागतात. २४ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा अल्बमसाठी पुरेसा होतो. त्याहून अधिकसाठी कर्ज काढण्याचे कारण नाही. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये मिररलेस कॅमेऱ्यांच्या नव्या मालिका आणल्या आणि त्यानंतर त्यांचा भर तिकडेच राहिला. परिणामी चांगले डीएसएलआर वापरलेल्या स्थितीत कमी किमतीत मिळतात. सुरुवातीला तसा कॅमेरा आणि १८-५५ ची लेन्स घ्यावी. त्यानंतर ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्यावी. लहान सेन्सरवर तिचा दृष्टिकोन ७५ ते ८० मिलिमीटरच्या लेन्ससारखा होतो, जो चेहऱ्यांसाठी उत्तम, शिवाय एफ/१.८ वर ती १८-५५ च्या लांब टोकापेक्षा तीन स्टॉपहून अधिक उजेड आत घेते. पुढचा खर्च फ्लॅश, स्टँड आणि छत्रीवर, मग मजबूत तिपाईवर करावा. जादा बॅटरी, कार्डे आणि डिस्क यांचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढावेत. कॅमेऱ्याची नवी बॉडी या यादीत सर्वांत शेवटी येते.

वापरलेला कॅमेरा घेताना काही चाचण्या जागेवरच कराव्यात. एफ/१६ वर आकाशाचे चित्र घेतले की सेन्सरवरील धूळ ठिपक्यांच्या रूपाने दिसते. लेन्समधून विजेरीचा झोत आरपार टाकला की जाळ्यासारखी बुरशी दिसते. अशी लेन्स घेऊ नये. शटर किती वेळा उघडले, हा आकडा पाहून घ्यावा. प्राथमिक श्रेणीतील डीएसएलआरचे शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने बनविलेले असते. निकॉनच्या डी-३००० आणि डी-५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या डी प्रकारच्या लेन्स त्यांवर हाताने फोकस कराव्या लागतात.

धूळ, ऊन, दमट हवा

मिरचीच्या ढिगाजवळ किंवा जिनिंगमध्ये लेन्स बदलू नये. बदलावीच लागली तर कॅमेऱ्याचे तोंड खाली धरावे. लेन्स पुसण्याआधी फुंकणीने धूळ उडवावी. धुळीवरून कापड फिरवले की काचेला ओरखडे पडतात. खानदेशच्या उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत कॅमेरा व बॅटरी ठेवू नये. पावसाळ्यात बुरशीचा धोका मोठा असतो. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक लहानसा आर्द्रतामापक, एवढी व्यवस्था पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली पाहिजे. निळे सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी होते. मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येते.

यात्रा आणि कायदा

दोंडाईचाहून शहाद्याकडे जाताना तापीकाठी सारंगखेडा लागते. दत्तजयंतीला तेथे भरणारी यात्रा आणि घोडेबाजार ही गतीचे चित्रण शिकण्याची उत्तम जागा. धावत्या घोड्याबरोबर कॅमेरा फिरवीत शटर तिसाव्या ते साठाव्या भागावर ठेवले की घोडा स्पष्ट आणि मागची गर्दी रेषांसारखी उतरते. दहांत एक चित्र जमते, म्हणून निराश होऊ नये. घोड्याच्या तोंडाजवळ फ्लॅश उडवू नये आणि मालकाला विचारूनच जवळ जावे.

व्यवसाय करणाऱ्यास दोन कायदेशीर बाबी ठाऊक हव्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राची पहिली मालकी, वेगळा करार नसल्यास, काम देणाऱ्याची असते. दुकानाच्या फलकावर वधूवरांचे चित्र लावायचे असेल तर ऑर्डरच्या कागदावरच तशी लेखी संमती घ्यावी. तसेच ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडविण्यास त्याची नोंदणी आणि चालकाचे प्रमाणपत्र लागते.

शेवटची सवय बिनखर्चाची आहे. प्रत्येक कामाच्या फोल्डरला दिनांक, गाव आणि प्रसंग यांचे नाव द्यावे आणि निवडक चित्रांच्या माहितीत माणसांची नावे व नाती नोंदवावीत. पंचवीस वर्षांनी एखादे कुटुंब आजोबांचे चित्र मागायला येते, तेव्हा ते सापडण्याचा मार्ग हाच असतो.