हिमालयातील हिमनद्या : 2035 चा वाद

हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, या विधानावरून 2009-10 मध्ये झालेला वाद. हे विधान हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या (आयपीसीसी) चौथ्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात (2007), आशियावरील प्रकरणात होते.

विधानाचा उगम : आयपीसीसीने आधार म्हणून डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेचा 2005 चा अहवाल दिला होता. त्या अहवालाची भिस्त ‘न्यू सायंटिस्ट’मधील 1999 च्या लेखावर, आणि लेखाची भिस्त जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील हिमनदीतज्ज्ञ सय्यद इक्बाल हसनैन यांच्या मुलाखतीवर होती. हे साल आपण दिलेच नव्हते, असे हसनैन यांनी पुढे सांगितले. या साखळीत तज्ज्ञांनी तपासलेला एकही शोधनिबंध नव्हता. रशियन हिमतज्ज्ञ कोटल्याकोव यांच्या 1996 च्या लेखनात ध्रुवप्रदेशांबाहेरील हिमक्षेत्र 5 लाख चौ. किमी.वरून 1 लाखावर येण्याचे साल 2350 आहे. आयपीसीसीच्या परिच्छेदात क्षेत्रफळाचे हेच आकडे हिमालयाच्या नावावर, 2035 सालासह आले. अंकांची उलटापालट झाली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

त्याच प्रकरणातील कोष्टकात कुमाऊँमधील पिंडारी हिमनदी 1845 ते 1966 या काळात 2,840 मी. मागे हटल्याची नोंद असून वार्षिक वेग 135.2 मी. दिला आहे. 121 वर्षांनी भागल्यास तो सुमारे 23.5 मी. येतो, 135.2 हे उत्तर 21 ने भागल्यावर मिळते. शाळकरी भागाकारातली ही चूक परीक्षणातून निसटली, हे 2035 इतकेच गंभीर आहे.

भारतातील वाद : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांचे चर्चापत्र पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर 2009 मध्ये प्रसिद्ध केले. हिमनद्यांची पीछेहाट असाधारण नाही, असा त्याचा रोख होता. मंत्री जयराम रमेश यांनी ते पुढे आणले. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची ‘वूडू सायन्स’ अशी संभावना केली. पुढे 20 जानेवारी 2010 रोजी आयपीसीसीनेच 2035 च्या विधानाबद्दल खेद व्यक्त केला. ऑस्ट्रियन हिमतज्ज्ञ गेओर्ग कासर यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी 2006 मध्येच या चुकीची सूचना दिली होती.

संशयवाद्यांची भूमिका : ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञांचे ई-मेल नुकतेच फुटले होते. त्यात या चुकीची भर पडताच संपूर्ण हवामानविज्ञानच अविश्वसनीय ठरवले गेले. हा निष्कर्ष टिकत नाही. याच अहवालाच्या पहिल्या खंडात बर्फावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात 2035 चा दावा नाही. चूक शोधून पुराव्यानिशी मांडणारे कॅनडातील ग्रॅहम कॉग्ली हेही हिमनद्यांचेच अभ्यासक होते.

सुधारणा : आंतर-अकादमी परिषदेने (विज्ञान अकादमींच्या संघटनेने) ऑगस्ट 2010 मध्ये आयपीसीसीला अपरीक्षित साहित्याच्या वापरासाठी कडक नियम सुचवले.

सद्यःस्थिती : काठमांडूच्या ‘इसिमोड’ संस्थेच्या 2019 च्या मूल्यांकनानुसार, तापमानवाढ 1.5 अंश सेल्सिअसपर्यंत रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातील सुमारे एक तृतीयांश हिमनदीय बर्फ 2100 पर्यंत नष्ट होईल.