समुद्रातला गोंगाट आणि देवमाशांचे कान

मिरवणुकीत डीजेजवळ तासभर उभे राहिलात, की कानात शिट्टी वाजते आणि थोडा वेळ कमी ऐकू येते. बहुतेक वेळा हे आपोआप बरे होते. पण आतल्या कानातील केसपेशी मेल्या, तर त्या पुन्हा उगवत नाहीत. देवमासाही आपल्यासारखा सस्तन प्राणी. त्याच्या कानातही अशाच पेशी असतात. शिवाय अंधाऱ्या पाण्यात त्याची सारी भिस्त कानांवरच.

मार्च २००० मध्ये बहामा बेटांच्या किनाऱ्यांवर दीड दिवसात १७ सागरी सस्तन प्राणी येऊन अडकले. त्यांत बहुतेक चोचीचे देवमासे होते. त्याच वेळी अमेरिकी नौदलाची जहाजे तिथे सोनार वापरत होती. मेलेल्या काही देवमाशांच्या आतल्या कानात आणि मेंदूभोवती रक्तस्राव आढळला. २००१ च्या अखेरीस नौदलाचाही सहभाग असलेल्या सरकारी अहवालाने सोनारकडेच बोट दाखवले. जीव गेला तो किनाऱ्यावर अडकल्याच्या ताणाने. पण सुरुवात आवाजाने झाली.

जहाजांचा रोजचा गोंगाटही निरुपद्रवी नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजे कमी झाली आणि आवाज ६ डेसिबलने उतरला. तेव्हा तिथल्या राइट देवमाशांच्या विष्ठेतील ताणाच्या संप्रेरकांचे प्रमाणही घटल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

औषध न देता, केवळ आवाज कमी होताच ताण उतरला. आपल्या कानांसाठीही पहिला उपाय हाच: आवाज कमी करा, नाहीतर तिथून दूर व्हा.