उधारीची वही ते क्रेडिट स्कोअर: अमेरिकी दुकान-कार्डाचा पूर्वेतिहास

कर्जदार घेतलेले कर्ज वेळेवर फेडील की नाही याचा अंदाज ३०० ते ८५० या पट्टीवर मांडणारा जो आकडा अमेरिकेत क्रेडिट स्कोअर, म्हणजे पतगुण, म्हणून ओळखला जातो, त्याची मुळे बँकांच्या व्यवहारापेक्षा किरकोळ दुकानांच्या उधारीच्या वह्यांत अधिक खोलवर गेलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात तेथील बँका प्रामुख्याने व्यापाऱ्यांना आणि कारखानदारांना कर्जे देत. पगारावर जगणाऱ्या कुटुंबाला कापड, फर्निचर किंवा शिवणयंत्र उधारीवर मिळे ते दुकानातच, आणि सिंगर कंपनीने तर १८५६ पासूनच आपली शिवणयंत्रे हप्त्यांवर विकायला सुरुवात केली होती. दुकानदाराने उधारी दिली ती मुख्यतः माल खपावा म्हणून, आणि दुकानाच्या कार्डाचा ग्राहकाच्या पतगुणावर होणारा बरावाईट परिणाम समजून घ्यायचा, तर हा मूळ हेतू सतत ध्यानात ठेवावा लागतो.

उधारी बुडू नये म्हणून ग्राहकाची माहिती आधीच गोळा करण्याची पद्धत प्रथम घाऊक व्यापारात रुजली. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात पोळलेल्या लुईस टॅपन या न्यूयॉर्कच्या रेशीमव्यापाऱ्याने १८४१ मध्ये ‘मर्कंटाइल एजन्सी’ स्थापन केली आणि गावोगावच्या वार्ताहरांकडून व्यापाऱ्यांची सांपत्तिक स्थिती व चारित्र्य यांची माहिती मागवून ती वर्गणीदारांना पुरवण्यास आरंभ केला. सामान्य ग्राहकांच्या बाबतीत हेच काम केटर आणि गाय वुलफर्ड या बंधूंनी १८९९ मध्ये अटलांटा येथे ‘रिटेल क्रेडिट कंपनी’ काढून हाती घेतले. त्यांच्या ‘मर्चंट्स गाइड’ या पुस्तकात ग्राहकांच्या नावापुढे वेळेवर देणारा, उशिरा देणारा, रोख पैसे घेऊनच माल द्यावा, अशा अर्थाचे शेरे असत. याच कंपनीने १९७५ मध्ये इक्विफॅक्स हे नाव धारण केले आणि पतविषयक नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकेतील तीन प्रमुख संस्थांपैकी ती आज एक आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या शहरांतील डिपार्टमेंट स्टोअर्स, म्हणजे एकाच छताखाली अनेक प्रकारच्या मालाचे विभाग असलेली दुकाने, खातेदार ग्राहकांना महिनाअखेरीस एकदम पैसे देण्याच्या बोलीवर माल देत. अशा खात्यावर बहुधा व्याज नसे. खाते मिळणे हीच प्रतिष्ठेची गोष्ट मानली जाई. खाते हवे असलेल्या ग्राहकाला दुकानाच्या उधारी विभागात जाऊन नोकरी, पत्ता, घरमालक आणि अन्य दुकानांतील खाती यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत, आणि तेथील अधिकारी त्याच्या बोलण्याचालण्यावरूनही मनाशी काही आडाखे बांधी. त्यानंतर शहरातील क्रेडिट ब्यूरोला, म्हणजे बहुधा स्थानिक व्यापाऱ्यांनीच चालवलेल्या माहितीकेंद्राला, दूरध्वनी केला जाई आणि तेथील कारकून खणातील कार्ड काढून त्यावरील नोंदी वाचून दाखवी. विवाह, घटस्फोट आणि अटक यांच्या वृत्तपत्रांतील कात्रणांनाही या खणांत जागा मिळत असे, ही गोष्ट आजच्या वाचकाने विसरू नये.

खातेदाराची ओळख पटावी म्हणून दुकाने आरंभी धातूचे छोटे बिल्ले देत. त्यांवर नाव नसून केवळ खातेक्रमांक असल्याने हरवलेला बिल्ला दुसऱ्याच्या हाती पडला की खातेदाराच्या नावावर खरेदी होऊ शके. १९२८ च्या सुमारास आलेल्या ‘चार्गा-प्लेट’ने ही उणीव बरीचशी भरून काढली. सुमारे अडीच इंच लांब आणि सव्वा इंच रुंद अशा या धातूच्या पट्टीवर ग्राहकाचे नाव व गाव उठावदार अक्षरांत ठोकलेले असे आणि मागील बाजूस सहीचा कागद बसवलेला असे. विक्रेता ती यंत्रात ठेवून तिच्यावरून शाईची फीत दाबी आणि बिलावर ग्राहकाचे नाव उमटे. आजच्या दुकान-कार्डाचे हे थेट पूर्वरूप होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मागणीला आवर घालण्यासाठी फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने ‘रेग्युलेशन डब्ल्यू’ हा नियम लागू करून ग्राहक-उधारीवर कडक मुदती घातल्या. युद्धोत्तर काळात निर्बंध सैल झाल्यावर फिरत्या उधारीची, म्हणजे ठरावीक मर्यादेत खरेदी करत राहून दरमहा थोडी रक्कम भरण्याची आणि उरलेल्या बाकीवर व्याज देण्याची पद्धत झपाट्याने फैलावली. माल खपवण्यासाठी सुरू झालेली उधारी अशा रीतीने स्वतःच मिळकतीचे साधन बनली.

या खात्यांच्या नोंदी कोणाच्या नावे होत्या, हा प्रश्न स्त्रियांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा होता. डिपार्टमेंट स्टोअरमधील खरेदी बहुतांशी स्त्रियाच करत, देणीही कित्येकदा त्याच वेळेवर फेडत, परंतु विवाहितेचे खाते सामान्यतः पतीच्या नावावर असल्याने त्या शिस्तीचे श्रेय पतीच्या पदरात पडे. पतीचे निधन झाले किंवा घटस्फोट झाला, की अनेक वर्षे नियमितपणे व्यवहार केलेली स्त्री दुकानाच्या लेखी अनोळखी ठरे आणि तिचे खाते बंद होई. १९७२ मध्ये राष्ट्रीय ग्राहक वित्त आयोगासमोर झालेल्या सुनावण्यांत हा अन्याय ठळकपणे मांडला गेला आणि १९७४ च्या समान पतसंधी कायद्याने लिंग व वैवाहिक स्थिती यांवरून उधारी नाकारण्यास मनाई केली. १९७६ च्या दुरुस्तीने वंश, वर्ण, धर्म इत्यादी आधारांनाही ती मनाई लागू झाली. पतीपत्नी दोघेही वापरत असलेल्या खात्याची नोंद दोघांच्याही नावे व्हावी, हा १९७७ पासूनचा नियम दिसायला कारकुनी असला तरी पतव्यवस्थेच्या इतिहासात त्याचे मोल फार मोठे आहे.

दरम्यान माणसाच्या पारखीची जागा गणित घेत होते. डेव्हिड ड्युरँड यांनी १९४१ मध्ये हप्तेबंद कर्जांतील जोखमीचा संख्याशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. अभियंता बिल फेअर आणि गणितज्ञ अर्ल आयझॅक यांनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी स्थापली आणि तिनेच १९८९ मध्ये सर्वसामान्य वापराचा ‘फायको’ गुणांक आणला. या गणनेत सुमारे ३५ टक्के भार परतफेडीच्या इतिहासाला आणि ३० टक्के देणे असलेल्या रकमांना आहे. उरलेला भार खात्यांचे वय, नवी खाती आणि कर्जाचे प्रकार यांत विभागलेला आहे.

दुकानाचे कार्ड या गणनेत दुधारी ठरते, आणि याचे कारण वर सांगितलेल्या मूळ हेतूतच आहे. विक्री वाढवायची असल्याने दुकान तुलनेने कमी पत असलेल्यालाही कार्ड देते आणि ज्याच्या नावे एकही नोंद नाही अशा तरुणाला किंवा नव्याने आलेल्या परदेशस्थाला त्यामुळे नोंदीचा आरंभ करता येतो. मायदेशातील पतविषयक नोंदी अमेरिकेत सहसा ग्राह्य धरल्या जात नसल्याने तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही या अडचणीला तोंड द्यावे लागले आहे. मात्र जोखीम सावरण्यासाठी दुकान मर्यादा लहान ठेवते. तीनशे डॉलर मर्यादेच्या कार्डावर दोनशे चाळीस डॉलरचा एक कोट घेतला, की त्या कार्डाची ८० टक्के मर्यादा वापरली गेली असे दिसते आणि पैसे बुडवण्याचा विचारही नसलेल्या ग्राहकाचा गुणांक घसरू शकतो. अलीकडे अशा अनेक कार्डांचे व्याजदर ३० टक्क्यांच्या वर गेले असून तीस दिवसांहून अधिक थकलेल्या देण्याची नोंद सात वर्षे राहू शकते. पहिल्या खरेदीवरील सवलतीसाठी गल्ल्यावर घाईने भरलेल्या अर्जाचीही चौकशी म्हणून नोंद होते, आणि ही गोष्ट ग्राहकाला तेथेच स्पष्ट सांगितली जाणे न्याय्य ठरेल.

पुढे दुकानांनी उधारीचा हा व्यवसायच विकायला काढला. अमेरिकेतील मोठ्या कार्डदात्यांत गणल्या जाणाऱ्या सिअर्सने २००३ मध्ये आपला कार्डव्यवसाय सिटीग्रुपला विकला आणि मेसीजच्या मूळ कंपनीने २००५ मध्ये त्याच समूहाशी तसाच करार केला. कार्डावर नाव दुकानाचे राहिले, पण मर्यादा ठरवणे, व्याज आकारणे आणि ब्यूरोला नोंदी पाठवणे ही कामे बँकेकडे गेली. २०१८ च्या ऑक्टोबरात सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची दुकाने एकामागून एक बंद होत गेली, तरी तिच्या कार्डधारकांची खाती बँकेच्या दप्तरी चालूच राहिली.