परदेशी जोडीदाराच्या व्हिसासाठी किमान उत्पन्नाची अट

परदेशी जोडीदाराच्या व्हिसासाठी किमान उत्पन्नाची अट ही अनेक देशांच्या स्थलांतरविषयक नियमांतील एक तरतूद आहे. एखाद्या देशाचा नागरिक किंवा कायम रहिवासी आपल्या परदेशी पतीला अथवा पत्नीला त्या देशात राहण्यासाठी बोलावतो, तेव्हा या तरतुदीनुसार त्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असून चालत नाही. बोलावणाऱ्या व्यक्तीस प्रायोजक आणि येणाऱ्या व्यक्तीस अर्जदार म्हणतात. ब्रिटनमध्ये ११ एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा वर्षाला २९,००० पौंड आहे. अमेरिकेत ती दारिद्र्यरेषेशी जोडलेली आहे. भारतात अशी ठरावीक रक्कम नाही.

महाराष्ट्रातील अनेक मुलामुलींचे विवाह ब्रिटन व अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांत होतात. अशा विवाहानंतर पती-पत्नींना एकत्र राहता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी परदेशातील जोडीदाराच्या पगारावर अवलंबून असते. येथून जाणाऱ्या वधूचे किंवा वराचे शिक्षण आणि येथील नोकरी या हिशेबात सहसा धरली जात नाही.

उद्देश

परदेशातून येणाऱ्या जोडीदाराचा भार सरकारी साहाय्यावर पडू नये आणि कुटुंबाने स्वतःच्या कमाईवर उभे राहावे, हा या अटीमागील सांगितला जाणारा मुख्य उद्देश आहे. स्थलांतरितांची संख्या मर्यादित ठेवणे हाही काही सरकारांचा हेतू राहिला आहे. दुसऱ्या बाजूला, विवाह करून एकत्र राहणे हा कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भाग मानला जातो. या दोहोंतील तोल कोठे साधावा, हा या विषयातील मूळ वाद आहे.

ब्रिटनमधील इतिहास

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात ‘प्रमुख हेतू’ नावाचा नियम लागू होता. विवाहाचा प्रमुख हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा नाही, हे अर्जदाराला सिद्ध करावे लागे. भारतीय उपखंडातील अर्जदारांना या नियमाचा विशेष त्रास झाला. जून १९९७ मध्ये तो रद्द करण्यात आला. त्यानंतर सरकारी निधीची मदत न घेता कुटुंबाचा निर्वाह ‘पुरेसा’ होईल, एवढे दाखविणे आवश्यक होते. पगाराचा ठरावीक आकडा नव्हता.

९ जुलै २०१२ पासून वार्षिक १८,६०० पौंडांची मर्यादा आली. ब्रिटिश नागरिकत्व नसलेल्या पहिल्या मुलासाठी ३,८०० पौंड व पुढील प्रत्येक मुलासाठी २,४०० पौंड वाढीव उत्पन्न दाखवावे लागे. ४ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने ही मर्यादा ३८,७०० पौंडांवर नेण्याची घोषणा केली. त्यावर मोठी टीका झाली आणि त्याच महिन्यात वाढ टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले. पहिला टप्पा म्हणून ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० पौंडांची मर्यादा लागू झाली व मुलांसाठीची वाढीव रक्कम रद्द झाली. त्या दिवसापूर्वी या मार्गाने व्हिसा मिळालेल्यांना मुदतवाढीच्या वेळी जुनीच मर्यादा लागू राहिली. जुलै २०२४ मध्ये सत्तांतर झाल्यावर पुढील टप्पे थांबविण्यात आले आणि हा विषय स्थलांतर सल्लागार समितीकडे सोपविण्यात आला. समितीने जून २०२५ मध्ये अहवाल दिला. मर्यादा ३८,७०० पौंडांपर्यंत वाढवू नये, असे मत तिने त्यात मांडले.

उत्पन्नाची मोजणी

प्रायोजक सहा महिन्यांपासून एकाच ठिकाणी नोकरीत असेल, तर सहा महिन्यांची पगारपत्रके, त्याच काळातील बँक खात्याचे उतारे व मालकाचे पत्र द्यावे लागते. स्वयंरोजगार असल्यास पूर्ण आर्थिक वर्षाचा हिशेब पाहिला जातो. अर्जदार ब्रिटनबाहेर असेल, तर त्याचा परदेशातील पगार धरला जात नाही. ब्रिटिश प्रायोजक अर्जदारासोबत भारतात राहत असेल व दोघांना ब्रिटनला जायचे असेल, तर प्रायोजकाचा भारतातील पुरेसा पगार आणि ब्रिटनमध्ये तीन महिन्यांच्या आत सुरू होणारी तितक्याच पगाराची नोकरी, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात.

उत्पन्न कमी पडल्यास बचतीची जोड देता येते. बचतीतील पहिले १६,००० पौंड हिशेबात धरत नाहीत. उरलेल्या रकमेस अडीचने भागून येणारा आकडा उत्पन्नात मिळवितात. उदाहरणार्थ, प्रायोजकाचा पगार २५,००० पौंड असल्यास ४,००० पौंडांची तूट राहते. ती भरून काढण्यासाठी ४,००० ची अडीचपट म्हणजे १०,००० आणि वरचे १६,०००, अशी एकूण २६,००० पौंडांची बचत लागते. केवळ बचतीवर अर्ज करायचा असल्यास ८८,५०० पौंड लागतात. ही रक्कम किमान सहा महिने अर्जदाराच्या किंवा प्रायोजकाच्या ताब्यात असावी लागते. त्यामुळे अर्जाच्या तोंडावर नातेवाइकांकडून उसने घेऊन खात्यात भरलेले पैसे उपयोगी पडत नाहीत.

प्रायोजकाला अपंगत्वाशी किंवा आजाऱ्याच्या शुश्रूषेशी संबंधित विशिष्ट सरकारी भत्ते मिळत असतील, तर ही मर्यादा लागू होत नाही. ‘पुरेसा निर्वाह’ हीच जुनी कसोटी लावली जाते.

न्यायालयीन निर्णय

२०१२ च्या नियमाला न्यायालयात आव्हान देण्यात आले. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरविली. मात्र मुलांच्या हिताचा पुरेसा विचार करण्याची तरतूद नियमांत नसणे बेकायदेशीर आहे, असे त्याच निकालात म्हटले. उत्पन्नाचे इतर विश्वासार्ह स्रोत विचारात घेण्याचा मुद्दाही त्यात होता. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये नियम बदलले. नकारामुळे कुटुंबावर अवाजवी कठोर परिणाम होणार असेल, अशा अपवादात्मक परिस्थितीत इतरांचे आर्थिक पाठबळ किंवा अर्जदाराची संभाव्य कमाई विचारात घेता येऊ लागली.

युरोपीय न्यायालयाचा १९९२ मधील सुरिंदर सिंग खटल्याचा निकालही या संदर्भात महत्त्वाचा ठरला. सिंग हे भारतीय नागरिक असून त्यांची पत्नी ब्रिटिश होती; दोघांनी काही काळ जर्मनीत नोकरी केली होती. युरोपीय संघातील दुसऱ्या देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळते, असे न्यायालयाने म्हटले. २०१२ नंतर अनेक ब्रिटिश नागरिकांनी उत्पन्नाची अट टाळण्यासाठी हा मार्ग पत्करला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तो मार्ग बंद झाला.

परिणाम व टीका

एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमधील प्रौढांचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झाले. आठवड्याला ४० तास व वर्षाचे ५२ आठवडे काम केले, तरी त्या दराने सुमारे २५,४०० पौंड मिळतात. म्हणजे पूर्णवेळ नोकरी करणारी, कोणतेही सरकारी साहाय्य न घेणारी व्यक्तीही केवळ किमान वेतनावर जोडीदाराला बोलावू शकत नाही. लंडन आणि कमी पगाराचे इतर प्रदेश यांना एकच मर्यादा लागू असणे, तसेच अर्धवेळ काम करणाऱ्या स्त्रियांना ती गाठणे कठीण जाणे, हेही टीकेचे मुद्दे आहेत. इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या २०१५ मधील अहवालात, या नियमांमुळे सुमारे १५,००० मुलांवर परिणाम झाल्याचा अंदाज होता. आई किंवा वडिलांची भेट केवळ संगणकाच्या पडद्यावर होणाऱ्या या कुटुंबांना अहवालाने ‘स्काइप कुटुंबे’ म्हटले. ही अट करदात्यांवरील भार रोखते आणि नव्याने येणाऱ्यांना समाजात स्थिरावण्यास मदत करते, असे समर्थकांचे म्हणणे आहे.

नोकरीच्या व्हिसावरील व्यक्तीचा जोडीदार

भारतातून कुशल कामगार व्हिसावर ब्रिटनला गेलेल्या व्यक्तीच्या जोडीदारास वरील २९,००० पौंडांची अट लागू होत नाही. तो अवलंबित म्हणून अर्ज करतो व त्याच्या निर्वाहासाठी साधारणतः २८५ पौंडांची शिल्लक २८ दिवस दाखवावी लागते. मात्र ११ मार्च २०२४ पासून शुश्रूषा सेवक म्हणून नव्याने जाणाऱ्यांना जोडीदार नेण्यास मनाई करण्यात आली.

इतर देश

अमेरिकेत प्रायोजकाला निर्वाहाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि त्याचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते. सैन्यात कार्यरत असलेल्यांना १०० टक्के पुरते. २०२४ च्या दरांनुसार बहुतेक राज्यांत दोन जणांच्या कुटुंबासाठी ही रक्कम २५,५५० डॉलर होती. उत्पन्न कमी असल्यास दुसरा सहप्रायोजक घेता येतो. घटस्फोट झाला तरी प्रायोजकाची जबाबदारी आपोआप संपत नाही.

युरोपीय संघाच्या २००३ च्या कुटुंब पुनर्मीलनविषयक निर्देशाने ‘स्थिर व नियमित’ उत्पन्नाची अट घालण्यास मुभा दिली आहे. नेदरलँड्सने किमान वेतनाच्या १२० टक्के उत्पन्न मागितले होते. अर्जदाराची परिस्थिती न पाहता सरसकट नकार देणारी अशी मर्यादा युरोपीय न्यायालयाने मार्च २०१० मध्ये अमान्य केली. कॅनडात जोडीदारासाठी सामान्यतः किमान उत्पन्नाची मर्यादा नाही. प्रायोजकाला तीन वर्षांच्या निर्वाहाची हमी द्यावी लागते.

भारत

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारास प्रवेश व्हिसा मिळतो. विवाह नोंदलेला असेल व तो सलग दोन वर्षे टिकला असेल, तर जोडीदाराला भारताचा परदेशस्थ नागरिक म्हणून नोंदणीसाठी अर्ज करता येतो. मोठ्या शहरांबाहेर परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम सामान्यतः जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असते. लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या रहिवाशाचा परदेशी जोडीदार तेथे राहण्यास आल्यास हे काम लातूर येथे होते.

महाराष्ट्रातील अर्जदार

ब्रिटनच्या जोडीदार व्हिसासाठी विवाहाचा कायदेशीर पुरावा, प्राथमिक स्तराची इंग्रजी परीक्षा आणि क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो. महाराष्ट्रात विवाहाची नोंद १९९८ च्या राज्य अधिनियमानुसार होते व गावांत हे काम ग्रामसेवकाकडे असते. किल्लारीसारख्या गावात लागलेल्या विवाहाचा दाखलाही त्यामुळे ग्रामपंचायतीत मिळू शकतो. दाखला किंवा इतर कागदपत्रे मराठीत असल्यास त्यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. भारतातून मिळणारा पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो. त्यानंतर ३० महिन्यांची मुदतवाढ आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. उत्पन्नाची कसोटी या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा लागते. मात्र मुदतवाढीपासून, ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या अर्जदाराची स्वतःची कमाईही त्यात धरली जाते.