बरोबर ओळखलेली अळंबी, तरीही जीव गेला

आजच्या भागात आपण युरोपातल्या सूचिपर्णी जंगलांत जाणार आहोत. पाइन आणि स्प्रूसची उंच झाडं, खाली सुयांसारख्या पानांचा ओलसर थर आणि त्यातून डोकं वर काढणाऱ्या अळंब्या. पोलंड, जर्मनी, फिनलंड, फ्रान्स या देशांत टोपली घेऊन रानात अळंबी गोळा करायला जाणं ही जुनी रीत आहे. आपल्याकडे पावसाळ्यात कोकण-गोव्यात वारुळावरची अळंबी बाजारात आली की जशी झुंबड उडते, तसंच काहीसं.

अळंबी खाऊन कोणी दगावलं असं ऐकलं की आपण लगेच म्हणतो, "चुकीची उचलली असणार." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण मला आज सांगायचाय तो इतिहास वेगळा आहे. यात लोकांनी अळंबी ओळखण्यात चूक केली नव्हती. त्यांना हवी होती तीच अळंबी त्यांनी तोडली, नेहमीसारखी शिजवली आणि खाल्ली.

सुरुवात करूया १९४४ सालापासून. जर्मनीत ज्युलियस शेफर नावाचे कवकशास्त्रज्ञ होते. कवक म्हणजे बुरशी आणि अळंबी ज्या कुळातली, ते सगळं. हा माणूस साधासुधा नव्हता. 'रुसुला' नावाच्या अळंब्यांचा त्या काळचा मोठा जाणकार. बटण मशरूमच्या जातभाईंना ओळखायची एक रासायनिक चाचणी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी 'पॅक्सिलस इनव्होल्युटस' ही अळंबी खाल्ली. तपकिरी रंग, छत्रीची कड आत वळलेली, खालच्या पात्या दांड्यावर उतरलेल्या आणि बोट लावलं की तिथे गडद डाग. ओळखायला तशी सोपी. तेव्हा मध्य आणि पूर्व युरोपात ती नीट शिजवून सर्रास खाल्ली जायची.

जेवणानंतर थोड्याच वेळात त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. मग मूत्रपिंडं निकामी झाली आणि सतराएक दिवसांनी ते गेले. अळंबी ओळखण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याचाच जीव अशा अळंबीने घेतला, जी तो पक्की ओळखत होता!

कारण पुढच्या काही दशकांत कळलं. या अळंबीतल्या एका घटकाविरुद्ध काही माणसांचं शरीर हळूहळू प्रतिपिंडं तयार करतं. पहिल्यांदा खाल्ली, काही नाही. दहाव्यांदा खाल्ली, काही नाही. आणि मग एके दिवशी शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच तांबड्या रक्तपेशी फोडायला लागते. "मी ही वर्षानुवर्षं खातोय" हे वाक्य इथे दिलासा देत नाही. उलट जितक्या वेळा खाल्ली, तितकी शरीराला तयारीची संधी मिळाली.

दुसरी गोष्ट पोलंडची, साल १९५२. एकाच भागातल्या १०२ लोकांना विषबाधा झाली, त्यातले ११ दगावले. मूत्रपिंडं बंद पडत होती, पण कारण लक्षात येईना. स्टानिस्वाव गझिमावा या डॉक्टरांनी हा माग काढला आणि १९५७ मध्ये त्याबद्दल लिहिलं. गुन्हेगार निघाली 'कॉर्टिनेरियस ओरेलॅनस' नावाची गंजासारख्या रंगाची अळंबी. तोपर्यंत कॉर्टिनेरियसच्या शेकडो जातींपैकी एखादी जीवघेणी असेल असं तज्ज्ञांनाही वाटत नव्हतं.

इतकी वर्षं हे लपलं कसं? याचं उत्तर वेळेत आहे. या विषाची लक्षणं दिसायला काही वेळा तीन दिवस लागतात, काही वेळा दोन आठवडे. आता तुम्हीच आठवून बघा, गेल्याच्या गेल्या मंगळवारी रात्री काय जेवला होता? जेवण आणि आजारपण यांत इतकं अंतर पडलं की घरात कोणीही त्या दोन गोष्टी जोडत नाही. दोष 'तापाला' किंवा 'नशिबाला' जातो आणि अळंबी नामानिराळी राहते. याच अळंबीची सख्खी बहीण, कॉर्टिनेरियस रुबेलस, सूचिपर्णी जंगलातच उगवते आणि तेवढीच घातक आहे.

तिसरी गोष्ट माझ्या सगळ्यात आवडीची, कारण तिचा धागा थेट श्रीहरिकोट्यापर्यंत जातो. वसंतात पाइनच्या जंगलात, वाळूमिश्रित जमिनीवर मेंदूसारख्या वळ्यांची एक तपकिरी अळंबी येते, जायरोमिट्रा. सन १८०० मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं, त्यात शब्द होता 'एस्क्युलेंटा'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, खाण्याजोगी. म्हणजे नावातच प्रमाणपत्र! १९६० च्या दशकाच्या शेवटी जर्मन संशोधकांनी तिच्यातलं विष वेगळं काढलं, जायरोमिट्रिन. पोटात गेल्यावर त्यापासून मोनोमिथाइल हायड्राझीन तयार होतं. हे काय आहे माहितीये? आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यात जे इंधन जळतं, ते!

तरीही ती शतकानुशतकं खाल्ली गेली. कारण हे विष उडून जाणारं आहे. भरपूर पाण्यात दोनदा उकळून ते पाणी फेकलं, की बरंचसं निघून जातं. पण बरंचसं म्हणजे सगळं नाही. किती उरलं, ते चवीवरून कळत नाही. उकळताना निघणारी वाफही बाधते. एकाच ताटातली भाजी खाऊन एक जण ठणठणीत आणि दुसरा दवाखान्यात, असं होऊ शकतं. फिनलंडमध्ये ती आजही विकली जाते, पण सोबत धोक्याची सूचना आणि शिजवायची पद्धत द्यावी लागते.

इथे हिमालयाची आठवण काढायलाच हवी. हिमाचल-काश्मीरच्या देवदाराच्या रानात मिळणारी महागडी गुच्छी आणि ही जायरोमिट्रा दुरून सारख्या वाटू शकतात. गुच्छीवर मधाच्या पोळ्यासारखे खड्डे असतात आणि उभी कापली तर ती वरपासून खालपर्यंत आतून पोकळ असते. जायरोमिट्रावर वळ्या असतात आणि आत वेडेवाकडे कप्पे.

शेवटची गोष्ट नैऋत्य फ्रान्सची. पाइनच्या वाळूतली पिवळीधमक अळंबी, 'ट्रायकोलोमा इक्वेस्ट्रे'. इक्वेस्ट्रे म्हणजे घोडेस्वाराची, सरदाराची. लिनियसने १७५३ मध्येच तिची नोंद केली होती आणि ती उत्तम खाद्य अळंबी मानली जायची. मग १९९२ ते २००० या काळात तिथे १२ रुग्ण आले. स्नायू अक्षरशः विरघळत होते. तिघं वाचले नाहीत. सगळ्यांमध्ये एक गोष्ट समान होती: थोड्या दिवसांत लागोपाठ तीन किंवा जास्त वेळा हीच अळंबी भरपूर खाल्लेली. २००१ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि पुढे फ्रान्सने तिच्या विक्रीवर बंदी घातली. ती नेमकी किती विषारी यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. पण अडीचशे वर्षं 'उत्तम' म्हणून लिहिलेल्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह लागलं, ते लागलंच.

आता या चार गोष्टी एकत्र ठेवा. पहिलीत विष सवयीतून आलं. दुसरीत ते उशिरा आलं. तिसरीत ते कधी उरलं, कधी उडालं. चौथीत ते प्रमाणावर अवलंबून होतं. "आजी-पणजी खायच्या, त्यांना काही झालं नाही" हा अनुभव खोटा नसतो. पण या चारही ठिकाणी तो अपुरा पडला. जिभेला आणि आठवणीला जे विष लगेच कळतं, तेवढंच परंपरा टिपते. बाकीचं कळायला रुग्णांची यादी लागते, तारखा लागतात आणि दोन्ही जोडणारा एखादा चिवट डॉक्टर लागतो.

हे तुम्हाला का सांगतेय? कारण आज फोनमध्ये अळंबी ओळखणारी ॲप्स आहेत. फोटो काढला, नाव आलं. पण फोटोत वास येत नाही, मातीखालचा दांडा दिसत नाही, बीजाणूंचा रंग कळत नाही. आणि समजा ॲपने अगदी बरोबर नाव सांगितलं, तरी "हे काय आहे?" एवढंच उत्तर मिळालं. "खाऊ का?" हा प्रश्न वेगळा आहे. शेफरना नाव माहीत होतं ना!

म्हणून ट्रेकला गेलात आणि सुंदर अळंबी दिसली, तर फोटो जरूर काढा, नाव शोधा, मित्रांना पाठवा. पण तिथली अळंबी प्रत्यक्ष ओळखणारा माणूस आणि तिच्याबद्दलची आजची माहिती, दोन्ही हाताशी नसतील, तर ती टोपलीत टाकू नका. आणि कोणी खाऊन आजारी पडलंच, तर उरलेली अळंबी फेकू नका. ती घेऊन थेट डॉक्टरांकडे जा, आणि मागच्या दोन आठवड्यांत काय काय खाल्लं तेही सांगा.

पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या!