आठ आण्यांचा हक्क

१९२०च्या दशकातला मुंबईचा गिरणगाव. वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत बायकाच जास्त. बहुतेक काम उभ्यानं. दिवस भरत आले तरी खाडा परवडायचा नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती-लाभाचं विधेयक आलं. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्याच हिताचं आहे, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलावा, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं मांडलं. १९२९ मध्ये कायदा झाला, रोजचे आठ आणे ठरले; पण भार पडला मालकावर. मग बाई कामावर ठेवणंच काही मालकांना महाग वाटू लागलं.

१९६१च्या केंद्रीय कायद्यानं कामाच्या जागेकडेही पाहिलं. गरोदर बाईनं मागणी केल्यास बाळंतपणाआधी ठरावीक काळ तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येणार नाही, असं त्यात आलं. तरी रोजंदारीवर रस्ते खणणारी त्याबाहेरच राहिली. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या बायकांना सर्वोच्च न्यायालयानं प्रसूती-लाभ मिळवून दिला, तो ८ मार्च २००० रोजी. आठ आण्यांपासून इथवर ७१ वर्षं लागली.

‘मागणी केल्यास’ हे दोन शब्द विसरू नयेत. मागायचं तर हक्क आधी ठाऊक हवा.