फोन दुसऱ्याच्या हाती देताना काय उघडे राहते, काय झाकता येते

‘जरा फोन देतोस काय, एक कॉल लावतो,’ असे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर किंवा निपाणीच्या स्टँडवर कुणी म्हटले, तर नाही म्हणणारा माणूस विरळाच. सीमाभागात फोन हातातून हातात फिरायला आणखी एक कारण आहे. बँक, हेस्कॉम, सरकारी योजना यांचे मेसेज कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत येतात. कन्नड वाचता न येणारी मावशी मग शेजारच्या पोराला किंवा दुकानदाराला फोन देते आणि म्हणते, ‘बघ रे, गृहलक्ष्मीचे दोन हजार जमा झाले काय?’

पोरगा तो एक मेसेज वाचतो. पण त्याच्या हातात त्या वेळी सगळा इनबॉक्स असतो. खात्यात किती शिल्लक आहे, कुठून पैसे आले, कुणाचे कर्ज थकले आणि नेमका त्याच वेळी आलेला ओटीपी, सगळेच. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या सेंटरवरही तसेच होते. ओटीपी येणार म्हणून फोनच काउंटरवर ठेवला जातो आणि काम होईपर्यंत तिथेच पडून राहतो.

मेसेज कळण्यासाठी फोन देण्याची गरज बहुतेक वेळा नसते. मेसेजवर बोट दाबून धरले की मजकूर कॉपी होतो. तो गूगल ट्रान्सलेटमध्ये टाकून कन्नडमधून मराठी निवडले की अर्थ लागतो. भाषांतर ओबडधोबड असते, पण पैसे आले की कापले एवढे नक्की समजते. ते जमत नसेल तर त्या एकाच मेसेजचा स्क्रीनशॉट काढून घरातल्या शिकलेल्या माणसाला पाठवावा. सेंटरवर ओटीपी आला तर आधी तो कशासाठी आला ते विचारावे, आणि मग आकडे आपणच वाचून सांगावेत. फोन खिशातच राहू द्यावा.

कव्हरमधले कार्ड

फोनच्या मागच्या कव्हरमध्ये एटीएम कार्ड ठेवायची सवय खेड्यापाड्यांत सर्रास आहे. ‘शक्ती’ योजनेच्या मोफत तिकिटासाठी कंडक्टरला दाखवायचे आधार कार्डही बऱ्याच बायका तिथेच ठेवतात. इथे धोका मोठा आहे. यूपीआयचा नवा पिन तयार करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि बँकेत नोंदवलेल्या नंबरवर आलेला ओटीपी लागतो. काही बँका एटीएमचा पिनही मागतात, सगळ्या नाही. म्हणजे उघडा फोन आणि कव्हरमधले कार्ड एकाच वेळी दुसऱ्याच्या हाती गेले, तर जुना पिन माहीत नसतानाही तो बदलता येऊ शकतो. फोन देण्याआधी कव्हर रिकामे करणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. खरे तर कार्ड तिथे ठेवूच नये.

अनोळखी माणसाला कॉल लावून देताना

नंबर विचारून आपणच लावावा, स्पीकर चालू करावा आणि फोन आपल्याच हातात ठेवावा. बोलणे चारचौघांत ऐकू जाते म्हणून कुणी कुरकुर करील, करू द्यावी. सीमाभागात अनेकांकडे एक कर्नाटकचे आणि एक महाराष्ट्राचे अशी दोन सिम असतात. अशा वेळी बँकेला न जोडलेल्या सिमवरून कॉल लावावा.

फोन हातात घेऊन ‘स्टार ४०१’ने सुरू होणारा कोड आणि त्यापुढे एखादा नंबर दाबला की आपले कॉल त्या नंबरकडे वळायचे. कॉलवर सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच जायचा. दूरसंचार विभागाने कंपन्यांना ही कोडची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला सांगितली. तरी कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडून एखादा अनोळखी नंबर बसलाय काय, ते अधूनमधून बघावे. व्हॉट्सॲपमधले ‘लिंक्ड डिव्हायसेस’ही तपासावे. एका खात्याला चार जादा उपकरणे जोडता येतात. फोनला लॉकच नसेल तर जोडायला काही सेकंद पुरतात, आणि नंतर तुमचे चॅट दुसरीकडे निवांत वाचता येतात.

पोरांना गेम, पाहुण्यांना यूट्यूब

अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून ‘ॲप पिनिंग’ आहे. सेटिंगमधल्या सिक्युरिटीत ते चालू करावे आणि ‘अनपिन करताना पिन विचारा’ हा पर्यायही निवडावा. मग हवे ते ॲप उघडायचे, अलीकडच्या ॲपची यादी आणायची, ॲपच्या चिन्हावर दाबून ‘पिन’ करायचे. झाले. बाहेर पडायला लॉक लागतो. मात्र पिन केलेल्या ॲपमधून कधी कधी दुसरे ॲप उघडू शकते, त्यामुळे हा उपाय ओळखीच्या माणसांपुरताच. काही फोनमध्ये ‘गेस्ट’ खाते असते, ते जास्त पक्के. आयफोनमध्ये हेच काम ‘गाइडेड ॲक्सेस’ करते. फोन दुरुस्तीला टाकताना सॅमसंगचा ‘मेंटेनन्स मोड’ किंवा पिक्सेलचा ‘रिपेअर मोड’ चालू करावा.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू नये, अशी सेटिंग प्रत्येकाने करावी.

घरातलाच फोन

परक्यापासून फोन सांभाळणे सोपे. अवघड आहे ते घरात. बिडी वळणाऱ्या बाईचा फोन शाळेतून आलेला मुलगा घेतो, सासूबाई मुलीला कॉल लावायला घेतात, नवरा सहज चाळतो. तिने लॉक लावला की लगेच प्रश्न येतो, ‘काय लपवतेस?’ भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ स्त्रियांशी बोलून २०१८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात हेच दिसले. फोन सर्वांचा, असे घरच्यांनी गृहीत धरलेले असते. मग कुणी ॲपला लॉक लावते, कुणी नेमका तेवढाच मेसेज किंवा फोटो पुसते. पुसणे चटकन नजरेत येत नाही, लॉक येतो.

व्हॉट्सॲपच्या ‘चॅट लॉक’ला गुप्त कोड दिला, तर कुलूपबंद चॅटचा कप्पाही यादीत दिसत नाही. पण तो फोन सर्वांना उघडता येत असेल तर बँकेचे मेसेज तसेच उघडे राहतात, हे लक्षात ठेवावे. ‘पोराने चुकून काही दाबू नये’ म्हणून लावलेले पिनिंग घरात सहज खपते, म्हणून सुरुवात तिथून करणे बरे. आणि मुद्दा फक्त आपल्या गुपिताचा नाही. मैत्रिणीने विश्वासाने पाठवलेला मेसेजही त्याच फोनमध्ये असतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. तो खटला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या नावाने ओळखला जातो.

पैसे गेलेच तर

आधी १९३० वर फोन करावा आणि बँकेला कळवून खाते थांबवायला सांगावे. जितका लवकर फोन, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कर्नाटकात अशी प्रकरणे ‘सेन’ पोलीस ठाण्याकडे असतात.

कागलचा माणूस, फोन निपाणीत दिला, पैसे तिसऱ्याच राज्यातल्या खात्यात गेले, असे झाले तर ‘ही आमची हद्द नव्हे’ हे उत्तर ऐकून परत फिरायचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. नोंदवलेल्या माहितीची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यावी.